तोंड उताराला

गाडी तापली होती आणि गाडीत बसलेली मी गारठले होते. असं कसं होतं ते मला विचारू नका. मी कोंबड्यांची बाई आहे, गाड्यांची नाही. पण झालं ते असंच. घरी येणाऱ्या चढावर, मधल्या वळणाला काटा लाल रेघेला टेकला आणि आमच्या ह्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली.

"हीटर लाव. पूर्ण लाव."

"लावलाय की! मघापासून गार वारा सोडतोय मेला."

हीटर म्हणजे काय ते एवढ्या वर्षांत मला कळलंय. इंजिनाचं गरम पाणी एका नळीतून समोरच्या फळीमागे येतं, पंखा त्यावरून वारा मारतो आणि आपले पाय शेकतात. गाडी तापायला लागली की हे हीटर पूर्ण उघडतात. तेवढीच इंजिनाची धग आत येते आणि इंजिन जरा निवतं. उन्हाळ्यात ह्या उपायानं मला त्यांनी बटाट्यासारखं उकडून काढलेलं आहे. त्या दिवशी मात्र पुढे इंजिनाची भट्टी झालेली आणि आत जाळीतून असा वारा यायचा की मी हात काढून काखेत घातला.

गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं तर वाफच वाफ. मागून दुधाची गाडी आली. दूधवाल्यानं मान बाहेर काढली.

"काय हो, चहा ठेवलाय का?"

"या ना, कप घेऊन या," मी म्हटलं. तो हसत निघून गेला. ह्यांना हसू आलं नाही. रेडिएटरची वरची नळी चिरली होती, ती दोन दिवसांपूर्वी ह्यांनी स्वतःच्या हातानं बदलली होती, मिस्त्रीला न बोलावता. बदलली ती बदलली, वर जेवताना आपल्या वडिलांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले होते, "एवढ्याशा कामाला मिस्त्री कशाला लागतो?" आता त्याच हातांनी ते वाफ वारत उभे होते.

आमचा धंदा उबवणीचा. अंडी आणायची, यंत्रात ठेवायची, उबवायची आणि एका दिवसाची पिल्लं खोक्यात भरून गावोगाव पोचवायची. त्यासाठीच ही लांबट गाडी, मागची सीट काढून टाकलेली. पिल्लू एक दिवस उपाशी राहतं, दोन दिवसही राहतं, काही होत नाही त्याला. पण थंडी? थंडी त्याला तासाभरात आडवं करते. म्हणून थंडीच्या दिवसांत आमच्या धंद्यात इंजिनाइतकाच हीटर महत्त्वाचा. आमचे पाय शेकले काय, न शेकले काय, कोण विचारतो!

आणि ह्या खेपेची पिल्लं कुण्या गिऱ्हाइकाची नव्हती. आमच्या लेकीची होती.

लेक दिलीय वर, डोंगरमाथ्यावरच्या गावात. घरात तिला सगळे भोंगा म्हणतात. मोठी झाली, सासरी गेली, तरी भोंगाच. सासरी रिकामं बसणं तिला जमेना. दाराशी एक शेड होतं, त्यात सासूच्या शेळ्या. भोंग्यानं वर्षभर सासूच्या मागे लागून लागून शेड मागून घेतलं. विहीणबाईंनी शेळ्या गवताच्या खोपटात हलवल्या, पण अट घातली. मला फोनवर त्यांनी स्वतः सांगितलं, "हे बघा विहीणबाई, ह्या आठवड्यात पिल्लं आली आणि नीट आली, तर शेड तिचं. नाही तर माझ्या शेळ्या थंडीत कुडकुडतायत, मी त्यांना परत आत घेणार. मग पुन्हा कोंबड्यांचं नाव नाही काढायचं." बोलणं कडक, पण खोटं नव्हतं. शेळ्यांनाही जीव असतो.

भोंग्यानं शेड सारवून-पुसून, भुसा अंथरून, दिवे टांगून ठेवले होते. रोज फोन. "आई, अंडी कशी आहेत?" जशी काही अंडी शाळेत जातात.

तर असं हे सगळं. गाडी निववत, थांबत, पुन्हा निववत आम्ही घर गाठलं.

घरी आबा अंगणात खुर्ची टाकून बसलेले. आबा म्हणजे माझे सासरे. ही गाडी मूळची त्यांची. डोळ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी चावी लेकाच्या हातात ठेवली, पण गाडी काही मनातून सोडली नाही. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते गाडीत जाऊन बसतात. कुठे जायचं नसतं, नुसते बसतात.

"तापली," आबा म्हणाले. काही दिसत नाही त्यांना, पण वासावरून कळतं.

"थोडीशी," हे म्हणाले.

"थोडीशी तापलेली गाडी चढावर चार ठिकाणी थांबत येत नाही. मी ऐकत होतो."

ह्यांनी गाडी नेहमीच्या जागी लावली, तोंड खाली रस्त्याकडे, पाठ घराकडे. आमचं अंगण उतरतं आहे. अंगणात गाडी लावायची ती तोंड उताराला करून, हा आबांचा नियम. बॅटरी बसली तर हँडब्रेक सोडायचा, गाडी उतारावर धावते आणि गिअर टाकला की सुरू होते. पाहुणा आला आणि त्यानं आपली गाडी उलटी लावली, तर आबा त्यालासुद्धा चहा मिळू देत नाहीत, आधी गाडी फिरवायला लावतात. लेक जन्मली तेव्हापासून आमच्या गाडीचं तोंड घराकडे झालेलं मी पाहिलं नाही.

इंजिन गार झाल्यावर ह्यांनी रेडिएटरचं झाकण काढलं, पाणी ओतलं. जेमतेम एक तांब्या मावलं आणि काठोकाठ झालं.

"पाणी तर भरलेलंय," हे डोकं खाजवत म्हणाले. "मग तापते कशाला?"

"थर्मोस्टॅट बघ," आबा खुर्चीतून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर शेगडीवर माझं दुधाचं पातेलं, त्यात उकळतं पाणी आणि त्यात दोऱ्याला बांधून सोडलेली पितळेची वाटीएवढी चीज. हे त्यावर वाकलेले, आबा शेजारी स्टुलावर.

"अहो, दुधाचं पातेलं आहे ते!"

"धुऊन देतो."

"तुम्ही धुतलेलं पातेलं मी पाहिलंय. काय आहे हे?"

"थर्मोस्टॅट. पाणी तापलं की हा उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. अडकला असेल तर इंजिन तापणारच."

तिघंही पातेल्यात बघत उभे राहिलो. म्हणजे आबा बसलेले, कान देऊन. पाणी खळाखळा उकळलं आणि ती चीज हळूच उघडली, झोपेतून उठून एखाद्यानं जांभई द्यावी तशी.

"उघडला?" आबांनी विचारलं.

"उघडला," हे पडलेल्या आवाजात म्हणाले. गंमत बघा, चांगला निघाला म्हणून दुःख. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो, आणि संन्यासी निर्दोष निघाला. तो परत बसवला, पाणी पुन्हा भरलं, गाडी खालच्या पुलापर्यंत फिरवून आणली. पुन्हा काटा लाल, पुन्हा हीटर गार. घाईघाईत झाकण उघडायला गेले आणि मनगटावर वाफ घेऊन आले. मी त्यांचा हात नळाखाली धरला. मनगट लालबुंद झालेलं आणि ते माझ्याकडे न बघता म्हणतात, "फार नाही भाजलं."

"फार भाजायला काय करावं लागतं? आत उडी मारावी लागते का?"

हसले. तेव्हा कुठे मला बरं वाटलं. चिडलेले असतात तेव्हा ते बोलत नाहीत आणि हा माणूस बोलला नाही की मला घर खायला उठतं.

त्याच दुपारी अंड्यांतून आवाज यायला लागला. कवचाच्या आत असतानाच पिल्लं बोलायला लागतात, बारीक, लांबून आल्यासारखं. एरवी त्या आवाजानं मी सगळी दुखणी विसरते. त्या दुपारी मी दिवस मोजायला लागले. उद्या पिल्लं निघणार, परवा सकाळी ती वर पोचायला हवीत. अंड्यांना थांबा म्हणता येत नाही.

दुसरी गाडी? ती पण शोधली. दुधाची गाडी मागून उघडी. मागच्या हिवाळ्यात एकदा तिच्यातून खोकी पाठवली होती, वर पोचेपर्यंत निम्मी पिल्लं गेली. खोकी उघडताना त्या गिऱ्हाइकाचं तोंड मी अजून विसरले नाही. बस वर जातच नाही. शेजारी शाळेचे मास्तर राहतात, त्यांची गाडी बंदिस्त, पण एवढीशी, की दोन खोकी ठेवली तर मास्तरांनाच उतरावं लागेल.

शेवटी मिस्त्रीला बोलावलं. ह्यांनीच फोन केला. फोन करताना अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले, आबांना ऐकू जाऊ नये म्हणून.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी आला. भला माणूस. वर्षानुवर्षं त्यानंच ही गाडी सांभाळली. आल्या आल्या नवीन नळीकडे बघून म्हणाला, "क्लिप छान आवळलीय." ह्यांचा चेहरा खुलला. मग त्यानं इंजिन चालू करून एकेक नळी हातानं चाचपली. रेडिएटरची नळी चटका लागेल एवढी गरम. हीटरकडे जाणारी नळी गार, येणारीही गार.

"पाणी हीटरपर्यंत पोचतच नाहीय," तो म्हणाला. "एक तर पंपाची पाती झिजलीत. पट्टा फिरतो, बाहेरचं चाक फिरतं, पण आत पाणी ढकलायला कोणी नाही. किंवा..." तो रेडिएटरच्या तोंडाशी वाकला. आत एक-दोन बुडबुडे आले. "किंवा हेडची गॅस्केट गेली."

हेड म्हटल्यावर हे खाली पायरीवर बसले. हेड उघडायचं म्हणजे अख्खं इंजिन उघडायचं, एवढं मलाही कळतं.

मिस्त्रीनं ऑइल काढून बोटावर घासून पाहिलं. "ऑइलमध्ये पाणी नाही. धुरालाही पाण्याचा वास नाही. मला पंपच वाटतो. पण पंप मागवावा लागेल. यायला तीन दिवस."

"तीन दिवस!" मी म्हटलं. "मिस्त्री, आत जाऊन बघा, पिल्लं कवच फोडून बाहेर पडतायत. त्यांना सांगता का तुम्हीच तीन दिवस थांबायला?"

"वहिनी, माझ्याकडे पंप असता तर मी आत्ता बसवला नसता का?"

असता तर बसवला असता, तो खोटं बोलत नव्हता. त्यानं पाण्याची पातळी पुन्हा पाहिली, काठोकाठ केली, झाकण लावलं आणि पंप मागवतो म्हणून गेला. जाताना ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेला. आबा दिवसभर खुर्चीतून हलले नाहीत. म्हणाले एवढंच, "घोडं कुठेतरी दुसरीकडेच पेंड खातंय."

दिवसभर मी उबवणीच्या खोलीत होते. पिल्लं ओली, लटपटत बाहेर यायची, तासाभरात सुकून कापसाचे गोळे व्हायची. एकेक उचलायची, पाय बघायचे, बेंबी बघायची, खोक्यात ठेवायची. अशी खेप फार दिवसांत निघाली नव्हती, धट्टीकट्टी. फोन वाजला. भोंगा.

"आई, निघाली?"

"निघाली गं. सोन्यासारखी आहेत."

"मग उद्या किती वाजता येता? मी पहाटेच दिवे लावून ठेवते. सासूबाई रोज दारात उभ्या राहून शेडकडे बघतात, काही बोलत नाहीत. आई, येताय ना?"

"येतोय," मी म्हणाले. फोन ठेवला आणि खोक्यावर डोकं टेकून रडले. आत पिल्लं बोलत होती, त्यामुळे कोणाला ऐकू गेलं नाही.

सकाळ उजाडली ती कडाक्याची. अंगणातल्या बादलीवर बर्फाची साय धरलेली. आबा नेहमीसारखे कप घेऊन गाडीत जाऊन बसले. हे बाहेर आले, उगाच बॉनेट उघडलं, आणि काही करायचं म्हणून इंजिन चालू केलं. स्टार्टर कण्हतच फिरला. तीन-चार दिवस चालू-बंद करून बॅटरीही दमली होती.

"बंद कर," आबा आतून म्हणाले. मग लगेच, "नको, थांब. पंखा बंद कर हीटरचा. जरा रेस दे."

ह्यांनी रेस दिली. आबांनी कप मला दिला आणि कान फळीला लावला, दाराला कान लावून घरातलं भांडण ऐकावं तसा.

"सूनबाई, ऐक गं. तुझे कान चांगले आहेत."

मी वाकले. फळीच्या आतून खळखळ, गुडगुड आवाज येत होता, तांब्यातून पाणी घटाघटा ओतावं तसा.

"पाणी वाजतंय," मी म्हटलं.

"उथळ पाण्याला खळखळाट फार. भरलेलं भांडं वाजत नसतं. हीटरमध्ये पाणी नाहीय, हवा आहे! पंप नाही, हेड नाही, काही नाही. हवा बसलीय आत, पाण्याला वाट देत नाहीय."

हे समोर उभे राहून ऐकत होते. त्यांनी एकदा रेडिएटरच्या झाकणाकडे पाहिलं, खाली, रस्त्याच्या बाजूला. मग हीटरच्या जागेकडे पाहिलं, वर, घराच्या बाजूला. आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी चांगलं ओळखते. कळलेलं असतं आणि बोलायची छाती होत नसते.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही."

"अहो, काय ते बोला!"

मला कोपऱ्यात नेऊन कुजबुजले, "हवा नेहमी उंच जागी जाऊन बसते. आपली गाडी तोंड खाली करून उभी. पाणी ओतायचं तोंड सगळ्यात खाली, हीटर सगळ्यात वर. आपण कितीही भरा, रेडिएटर काठोकाठ दिसणार आणि हीटर रिकामाच राहणार. मिस्त्रीच्या कारखान्यात सपाट फरशी आहे, तिथे असं कधी झालंच नाही. इथे मी भरलं, पुन्हा भरलं, काल मिस्त्रीनंही इथेच भरलं."

"मग?"

"मग गाडी फिरवायची. तोंड वर करायचं, झाकण उघडं ठेवायचं, इंजिन चालू ठेवायचं. हवा आपोआप झाकणातून निघेल."

"मग फिरवा की!"

ते आबांकडे बघत राहिले. पंचावन्न वर्षांचा माणूस, केस पिकलेले, लेक सासरी गेलेली, आणि बापापुढे गाडी फिरवायची म्हटलं तर कोपऱ्यात कुजबुजतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा झालाच होता, आता कळसा सापडला तर तो खाली घ्यायची हिंमत नाही! माझं डोकं फिरलं. मी तरातरा गाडीपाशी गेले.

"आबा, गाडी फिरवावी लागेल. तोंड घराकडे."

आबांनी मान वळवली. "कोण म्हणतं?"

"तुमचा मुलगा म्हणतो. पाणी भरायचं तोंड खाली आहे म्हणून हवा वर अडकलीय. बरोबर आहे की नाही सांगा."

आबांनी दाढीवरून हात फिरवला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण बॅटरी दमलीय. तोंड वर केलं आणि इंजिन बंद पडलं, तर उलटी घसरून ही सुरू होत नाही, नुसती रस्त्यावर जाऊन थांबते. मग ढकला चढावर. एकदा ढकलून झालंय माझं."

ते 'एकदा' मला माहीत होतं. मी तर आत होते! दिवस भरले होते, पहाटे कळा सुरू झाल्या, गाडीचं तोंड नेमकं घराकडे आणि बॅटरी ठप्प. आबा आणि हे, दोघं मिळून ती चढावर ढकलत होते, घाम आणि शिव्या दोन्ही गाळत, आणि मी मागच्या सीटवर, तेव्हा ती होती, बाळंत झाले. पोरीनं असा काही टाहो फोडला की अख्खी गल्ली जागी झाली. "हॉर्न चालू आहे, म्हणजे बॅटरी आहे," आबा म्हणाले होते म्हणे. तिथून ती भोंगा. आणि त्या दिवसापासून गाडीचं तोंड उताराला.

"आबा," मी म्हटलं, "तिच्याचसाठी म्हणतेय ना."

आबा दार उघडून खाली उतरले, गाडीला धरून धरून पुढे आले आणि ओरडले, "अरे, बघतोस काय नुसता? फिरव! आणि काही झालं तरी इंजिन बंद करायचं नाही. मी सांगेपर्यंत नाही!"

ह्यांनी गाडी रस्त्यावर काढली, वळवली आणि तोंड घराकडे करून अंगणात चढवली. इतक्या वर्षांनी तिचे दिवे माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बघत होते. चाकांमागे दगड लावले. मी आत बसले, हीटर पूर्ण उघडला आणि हात जाळीवर धरला. ह्यांनी झाकण काढलं, हातात पाण्याची झारी. आबा बॉनेटला टेकून कान देऊन उभे.

काही होईना. जाळीतून तोच गार वारा. काटा मात्र हळूहळू सरकायला लागला. मधल्या खुणेवर आला, पुढे गेला.

"काटा चढतोय!" मी ओरडले.

"चढू दे," आबा म्हणाले. "नळी दाब. हीटरची. दाबून सोड, दाबून सोड."

हे भाजलेल्या मनगटाच्या हातानंच नळी दाबायला लागले. झाकणातून एक बुडबुडा आला, मग काही नाही. काटा लालच्या जवळ.

"आबा, बंद करू का?" हे ओरडले. "इंजिन जाईल!"

"नाही. दाब."

मला वाटलं, इंजिनही जाणार आणि शेडही जाणार. तेवढ्यात आतून मोठा ढेकर दिल्यासारखा आवाज झाला. रेडिएटरच्या तोंडातून भकाभका बुडबुडे आले, पाणी ह्यांच्या शर्टावर उडालं आणि मग पातळी अशी खाली गेली की तळ दिसायला लागला.

"घेतंय! पाणी घेतंय!" ह्यांनी झारी ओतली, रिकामी झाली. मास्तर कुंपणापलीकडून बघत होते, त्यांनी आपली बादली पुढे केली. तीही अर्धी संपली.

माझ्या हाताला काहीतरी वेगळं लागलं. वाटलं, भास असेल. मग कोमट. मग ऊन. मग असा गरम की हात मागे घ्यावा लागला, आणि मी घेतला नाही.

"आला!" मी म्हटलं. "आला हो, गरम आला!" आणि त्या जाळीवर दोन्ही हात ठेवून मी हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना. काटा मुकाट्यानं खाली येऊन मध्यावर बसला. हे खिडकीशी आले, शर्ट ओला, थंडीत वाफाळलेले, आणि लहान पोरासारखे म्हणाले, "खरंच? बघू?" त्यांनी हात आत घातला. मग आबांचा हात धरून त्यांनी तो जाळीपाशी नेला. आबांनी बोटं पसरली.

"मिस्त्रीला फोन कर, पंप नको म्हणावं," आबा म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "पण क्लिप चांगली आवळली होतीस."

खोकी भरली. आबा येतो म्हणाले नाहीत, सरळ पुढे बसले. मी मागे खोक्यांमध्ये. वाटेत दोन्ही बाजूंना दहिवर पांढरं पडलेलं आणि आत अशी ऊब की मी स्वेटर काढला. पिल्लं आधी कलकलाट करत होती. चढाला लागलो आणि ती गप्प झाली. एकदम, सगळी. थंडी वाजली की पिल्लं ओरडतात आणि ऊब मिळाली की झोपतात, हे मी आयुष्यभर बघत आलेय. पण मेलेलीही गप्पच असतात की. खोक्याचं झाकण किलकिलं करून हात आत घातला तर मऊ, गरम, श्वास घेणारा ढीग. एकानं डोळा उघडून मला पाहिलं आणि पुन्हा मिटला. जिवात जीव आला.

भोंगा रस्त्यावरच उभी होती, डोक्याला स्कार्फ, नाक लाल. विहीणबाई शेडच्या दारात, हाताची घडी घालून. पलीकडे खोपटात शेळ्या. ह्यांनी खोकी आत नेऊन ठेवली. शेडात दिवे पेटलेले, भुसा उबदार, पाण्याची भांडी ओळीनं मांडलेली. भोंग्यानं पहिलं खोकं उघडलं आणि एकेक पिल्लू उचलून त्याची चोच पाण्यात बुडवून खाली सोडायला लागली. हे मी तिला शिकवलं होतं, पण माझे हात एवढे भराभर कधी चालत नाहीत. पिल्लं दिव्याखाली पळाली, पसरली, टिपायला लागली. एकही आडवं पडलं नाही.

मी पुढे होऊन म्हटलं, "अगं, तो दिवा जरा खाली घे, आणि..."

"आई, दार उघडं राहिलंय. गार येतंय आत." तिनं मान वर केली नाही. "बाबा, आई, तुम्ही बाहेर थांबा बघू. आबा, तुम्ही पण. सासूबाई, तुम्हीसुद्धा! दार लावून घ्या. बाहेरून."

आणि आम्ही चौघं मुकाट बाहेर. दार बंद.

थंडीत कुडकुडत उभे होतो. विहीणबाईंनी शाल गच्च ओढली. बंद दाराकडे बघत म्हणाल्या, "बघितलंत ना? माझ्याच शेडातून मला बाहेर काढलं हो तुमच्या लेकीनं!"

मी म्हटलं, "तुमच्याच शेडातून?"

आतून भोंग्याचा आवाज येत होता, पिल्लांना काहीतरी दरडावून सांगत होती. विहीणबाईंनी कान देऊन ऐकलं. मग म्हणाल्या, "नाही बाई. तिच्या." आणि खोपटाला दोन फळ्या जास्त ठोकायच्या आहेत, हातोडी आणता का, असं त्यांनी आमच्या ह्यांना विचारलं.